बंकटच्या खांदेकऱ्यांची तालीम

कडूबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा आजीनं नाव ठेवलं कडू. हिशेब सोपा होता. यमानं चुकून तोंडात घातलीच, तर थू करून बाहेर टाकावी. हिवरवाडीत लोक म्हणतात, यमानं ते करूनही पाहिलंय. एकदा ती विहिरीत पडली, एकदा जनावर चावलं, आणि एकदा वडवणीच्या बाजारात बैलानं ढुशी मारली. त्या खेपेला बैलच लंगडत घरी गेला, असं सांगतात. सांगणारे पदरचं घालतात हे खरं, पण कडूबाईनं ते कधी खोडून काढलेलं नाही.

वय विचारलं तर म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडीत व्हते अन् थोरला पोटात व्हता. लाव तूच हिशेब." हिशेब लावायला कुणी थांबत नाही, कारण तेवढ्यात ती त्याच्या हातात शेळीचं दावं देऊन मोकळी होते.

दिवाळी झाली की हिवरवाडीतली तरणी माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको जोडीनं, कोयते, पातेली, गोधड्या ट्रॅक्टरवर टाकून, थेट कारखान्याच्या मुलखात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली नातवंडं, शेळ्या आणि कुत्री. बाहेरच्याला वाटतं, गाव ओस पडलं. ओस कसलं! पाण्याची मोटार आसाराम चालवतो. त्याच्याकडे टेस्टर नाही, बोट लावतो आणि झटका बसला की आनंदानं ओरडतो, "आली बे लाईट!" त्याची बायको विमलबाई सकाळी अख्ख्या गल्लीतल्या नातींना ओळीनं बसवून वेण्या घालते, आणि शेवटच्या नातीला वेणी घालेस्तोवर पहिलीची सुटलेली असते. उंचेला भागवत काठी घेऊन पोरांना शाळेत हाकतो. स्वतः त्या शाळेची पायरी चढलेला नाही, पण गुरुजींना उशीर झाला तर त्यांनाही सोडत नाही. सरपंच ऊसतोडीच्या टोळीवर गेलेला असतो, तेव्हा तो कारभारही कुणी न नेमता कडूबाईकडे असतो.

या दिवसांत वाडीचा एक नियम आहे. टोळी परत येईस्तोवर कुणी मरायचं नाही. कारण उघड आहे, खांदा द्यायला माणूस कुठून आणायचं? मागं एका म्हाताऱ्याला भर थंडीत घरघर लागली होती. कडूबाईनं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "टोळी पाडव्याला येती. कळलं का?" म्हाताऱ्यानं मान हलवली. पाडव्याला पुरणपोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी गेला. माणूस शब्दाचा होता.

हा नियम मोडायला यंदा निघाला कोण, तर कडूबाईचा सख्खा दीर, बंकट.

बंकटची उभी हयात उसात गेली. तोडणारे पुष्कळ असतात. बंकट भरणारा होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं काम. फळी पायाखाली लवते, मोळी डोक्यावर डुलते, आणि माणूस मात्र नाकासमोर. बंकट तंबाखू चोळत चढायचा म्हणे. पण मागच्या हंगामात त्याचा पाय फळीवरून घसरला. लागलं काही नाही, मोळी तेवढी मुकादमाच्या मोटारसायकलवर पडली. यंदा ट्रॅक्टर निघायच्या वेळी मुलगा नाथा खाली मान घालून म्हणाला, "आबा, आवंदा तुमी घरीच राव्हा."

ट्रॅक्टर ओढ्याच्या पलीकडे जाईस्तोवर बंकट उभा राहिला. मग घरी येऊन अंगणात बाज टाकली आणि तीवर आडवा झाला.

"कावून झोपलाव भावजी?" कडूबाईनं कुडावरून विचारलं. चारचौघांत ती त्याला भावजी म्हणते. राग आला की बंकट्या.

"ऊस गेला कारखान्याला," बंकट आभाळाकडं बघत म्हणाला. "वाढं ऱ्हायलं गावाला."

वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जो कारखाना घेत नाही.

"वाढं जनावरं तरी खातेत," कडूबाई म्हणाली. "तुला कोण खाईल? उठ, माझ्या शेळ्यांला पाला आण."

एरवी अशा बोलण्यावर बंकटनं तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. या खेपेला त्यानं कूस बदलली.

कडूबाईनं आधी त्याला पोटाच्या वाटेनं गाठायचं ठरवलं. बाजरीची भाकरी नेली, वर लोणी. परत आली. शेंगदाण्याची आमटी नेली. परत आली. आसारामनं शिकरण नेली, तीही परत आली असं आसाराम म्हणाला, पण वाटी चाटून पुसून होती. बंकट फक्त चहा घ्यायचा. चहा अन्नात धरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वडवणीच्या डॉक्टरला जीपवाल्या हनुमानच्या काळ्यापिवळीत घालून आणलं. त्यानं छाती तपासली, जीभ बघितली, आणि म्हणाला, "यांना काही झालेलं नाही." बंकट डॉक्टरवर एवढा नाराज झाला, की त्या दिवशी चहासुद्धा सोडला.

"मी आता जातो, वैनी," तो म्हणाला. "माझं काम संपलं."

कडूबाईनं तोंडावर त्याची टर उडवली. पण तिनं एक गोष्ट पाहिली होती. बंकटच्या उशाशी तंबाखूची पिशवी होती आणि तिची गाठ कधीची सुटली नव्हती. भाकरी सोडणारी माणसं तिनं ढीग पाहिली होती. ती नाटकं असतात. तंबाखू सोडणारा माणूस मात्र खरंच निघालेला असतो. त्या दिवशी तिनं शेळी पिळली आणि धारेखाली भांडं ठेवायला विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तावातावानं मारुतीच्या पारावर आली. आसाराम, विमलबाई आणि भागवत ऊन खात बसले होते.

"बंकट चाललाय," तिनं सांगितलं. "ऐकंना. मंग जाऊ द्यायचा. पन न्यायचा कुनी?"

"माझा हर्निया हाय," आसाराम ताबडतोब म्हणाला.

"पट्टा बांध."

"बाया खांदा देत न्हाईत," भागवत म्हणाला.

"मंग बाप्ये आन. हायेत का कुटं? दिसले तर मलाबी दाखीव." भागवतनं खरंच रस्त्याकडं बघितलं. एक कुत्रं चाललं होतं. "चौघंच हावोत. मी, तू, आसाराम अन् विमल. जमतंय का न्हाई ते आजच बगून घेऊ. ऐन टायमाला मुडदा खाली पडला म्हंजी पावन्यारावळ्यांत शोभा."

"तालीम?" विमलबाईनं विचारलं.

"तालीम."

चौघं बंकटच्या अंगणात आली. जित्या माणसासाठी तिरडी बांधणं अशुभ, म्हणून बाजेसकटच उचलायचं ठरलं. कडूबाईनं बंकटला रीतसर सांगितलं, "भावजी, तुमी निवांत डोळे मिटून पडा. आमी वज्याचा अंदाज घेतोत."

बंकटला हे मनापासून आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं मरण गांभीर्यानं घेत होतं. त्यानं छातीवर हात जोडले, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर असं काही तेज आणलं की विमलबाईला नमस्कार करावासा वाटला.

चौघांनी बाज उचलली. इथपर्यंत ठीक. पण भागवत ताडासारखा, आणि विमलबाई त्याच्या कोपरापाशी संपते. भागवतकडचा बाजेचा खुर, म्हणजे पाय, आभाळात गेला, विमलबाईचा जमिनीकडं आला, आणि बंकट डोळे मिटलेले ठेवून हळूहळू विमलबाईच्या अंगावर घरंगळायला लागला.

"आबा, सरका की तिकडं!" विमलबाई ओरडली.

"मेलेलं मानूस कसं सरकंल?" बंकट डोळे न उघडता म्हणाला.

"मंग बोलतंय कसं?"

दारातून बाहेर पडताना नवा तंटा उभा राहिला. आसाराम म्हणाला, पाय पुढं. विमलबाई म्हणाली, डोकं पुढं. दोघं नवरा-बायको, उभ्या संसारात त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही, ते बंकटच्या दारात होणार नव्हतं. बाज एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरली. फिरताफिरता दाराच्या चौकटीला बंकटचं टाळकं लागलं, तेव्हा प्रेतानं एक शिवी दिली.

"पाय म्होरं बे, पाय म्होरं! एवढे मुडदे पोचिवले तुमी, काय बगत व्हताव?"

बाजेवर आडवा झाल्यापासूनची ही बंकटची पहिली शिवी, कडूबाईनं ती ध्यानात धरली. पण तिनं चेहरा कोरडा ठेवला.

ओढ्याच्या वाटेवर अर्ध्यात विसाव्याचा धोंडा आहे. प्रेताला तिथं घटकाभर खाली ठेवायचं आणि खांदे बदलायचे, अशी रीत. चौघांनी बाज ठेवली आणि स्वतःही बसली. रीतीप्रमाणं घटकाभर बसायचं असतं. पण म्हातारी माणसं एकदा खाली बसली की घटका कुणाच्या बापाची! आसारामनं पट्टा सैल केला. विमलबाईनं मिसरीची डबी काढली. मग कुणाचा कुठला गुडघा, त्याला कुठलं तेल, ते तेल कुणाच्या सुनेनं भजी तळायला वापरलं, अशी बोलणी निघाली. भागवतनं सांगितलं की बसायला सोपं जातं, उठायचं तेवढं जमत नाही. यावर सगळ्यांचं एकमत झालं. बंकट उन्हात पडून होता. त्याच्या नाकावर माशी बसली. त्यानं तेजस्वी चेहऱ्यानं ती सोसली. दुसरी बसली.

"अरे, उचला की!" तो म्हणाला.

"थांब की आबा, लई घाई तुला," आसाराम म्हणाला. "आता कुटं जायचंय तुला?"

शेवटी चौघं उठली. आसाराम म्हणाला "हूं", भागवतनं आधीच उचललं, विमलबाई अजून पदर खोचत होती, आणि कडूबाईच्या बाजूनं बाज जागची हललीच नाही. भागवतचा खुर वर गेला आणि बंकट सरळ धोंड्यावर आला.

तो उठून उभा राहिला तेव्हा तेज वगैरे काही राहिलं नव्हतं.

"माती करताव व्हय बे मढ्याची!" तो गरजला. "हूं कुनी म्हनायचं? एकानंच! चौघं चार टायमाला उचलायलाव, ही बाज हाय का रस्सीखेच? माझ्या फडात असतेत तर फळीच्या खालीच ठेवलं असतं एकेकाला! भागवत, तू मागं. उंच मानूस मागं, म्हंजी चढाला वजा मागं घसरत न्हाई. विमल, तू हिकडं. तुझं फडकं दे."

त्यानं फडक्याची चुंबळ वळली, बायका घागरीखाली डोक्यावर घेतात तशी, पण जाड, फेट्याएवढी. ती विमलबाईच्या खांद्यावर ठेवली आणि तिची उंची खुराला भिडली. आसारामचा पट्टा त्यानं स्वतः गुडघा लावून आवळला. आसारामचे डोळे बाहेर आले.

"आता उचला बघू. रिकामी न्हाई, वजा पायजे. आसाराम, तू झोप."

आसाराम इतक्या आनंदानं झोपला की त्याला झोपच लागली. त्याच्या जागी पुढच्या खुराला बंकट लागला. ऊन होतं, म्हणून त्यानं डोक्यावर टॉवेल घेतला. "हूं!" म्हणाला, आणि बाज एका दमात वर गेली. डावा पाय, उजवा पाय. कडूबाई त्याच्या शेजारच्या खुराला होती. तिनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. मानेची शीर ताठ होती, दम नीट चालला होता, आणि जिभेवर शिव्यांचा अखंड हरिपाठ सुरू होता.

विसाव्यापासून परत फिरायचं होतं, पण चाल अशी बसली की चौघं ओढ्याच्या काठापर्यंत गेली.

ओढ्याच्या पलीकडं रस्ता आहे. त्या रस्त्यानं हनुमानची काळीपिवळी वडवणीला चालली होती. हनुमानला माहीत होतं की बंकटआबानं अन्न सोडलंय. डॉक्टरला त्यानंच आणलं होतं. त्यानं लांबून पाहिलं: वाडीतली म्हातारी माणसं खांद्यावर बाज घेऊन ओढ्याकडं निघालेली, आणि बाजेवर एक निपचित देह. त्यानं गाडी थांबवली, टोपी काढली, दोन्ही हात जोडले, आणि जीपमधल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मग हनुमाननं जे कुणीही सज्जन माणूस करील तेच केलं. वडवणीला पोचेस्तोवर ज्याचा ज्याचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये होता, त्याला त्याला फोन केला.

इकडं अंगणात बाज परत आली. आसारामला उठवावं लागलं. बंकट घामानं न्हाला होता आणि कुठल्या तरी वेगळ्याच जगात होता.

"वैनी," तो म्हणाला, "काय हाय ग खायला?"

कडूबाई "बगते" म्हणाली आणि चुलीकडं गेली. तिथं तिनं धुराचं निमित्त करून डोळे पुसले. चूल पेटलेली नव्हती, पण तेवढं बघायला कोण होतं?

दुपार कलली तरी बंकट जेवतच होता. आमटीत भाकरी कुस्करून, वर ठेचा. तेवढ्यात ओढ्याकडून हंबरडा ऐकू आला.

ती चंद्रभागाबाई, बंकटची धाकटी बहीण. तलवाड्याला दिलेली. रडणं शिवेपासूनच सुरू करायचं असतं, अर्ध्या वाटेतून केलं तर सासरचं नाव जातं, म्हणून तिनं बरोबर ओढ्यात पाय टाकताच सूर लावला होता.

"माझा बंकटदादा गंऽऽ! आता मला म्हायेर कुटलं गंऽऽ! दर दिवाळीला लुगडं घेनारा गंऽऽ!"

"ह्या दिवाळीला न्हवतं घेतलं," बंकट घास चावत पुटपुटला.

चंद्रभागाबाई वाऱ्यासारखी अंगणात आली आणि कडूबाईच्या गळ्यात पडली. "कवा एकदा उलटून बोलला न्हाई गंऽऽ! देवमानूस गंऽऽ!" खांद्यावरून समोर पाहते तो देवमाणूस ठेच्याला बोट लावतोय. रडणं असं मध्येच थांबवता येत नाही. चाल पुरी करावी लागते. तिनं बंकटकडं बघतबघतच उरलेलं कडवं पुरं केलं. मग पिशवी उचलली आणि देवमाणसाच्या पाठीत घातली.

"चुलीवर दूध ठिवून आलते मी! ऊतू गेलं आसंल सारं! मेला न्हाईस तर कळवायचं तरी की रं!"

"काय कळवायचं? जित्ता हाय म्हनून?"

"मंग! बाकीच्यांनी काय समजायचं?"

तेवढ्यात विमलबाई धावत आली. तिच्या हातातला मोबाईल रडत होता. म्हणजे मोबाईलमधला नाथा रडत होता. टोळी थांबली, गाडी केली, आमी निघालोत, आबाला तवर ठिवा, असं काहीबाही ऐकू येत होतं. बंकटनं मोबाईल हिसकावला.

"फड कुनाच्या जिवावर सोडून निघाला बे?"

पलीकडचं रडणं तुटलं आणि मागं कुणाचं तरी पोर खोकलं ते ऐकू आलं.

"आबा?" नाथा म्हणाला. "आबा, तुमी?"

"मंग काय तुझा मुकादम?"

नाथा पुन्हा रडायला लागला, या खेपेला मोठ्यानं. जन्मात दोघं एकमेकांशी उसाशिवाय दुसरं काही बोलले नव्हते. शेवटी तो म्हणाला, "आबा... जेवलाव का?"

"जेवतच व्हतो. तुझी आत्या मधीच रडाया लागली." बंकटनं बोटं चाटली. "अन् ऐक. गाडी माघारी फिरव. फळीला खाली पोतं टाकीत जा, दवानं वली व्हती. मी त्यावरूनच घसरलो. वयानं न्हाई."

संध्याकाळी चंद्रभागाबाई परत फिरायचं नाव घेईना. आलेच आहे तर चार दिवस राहते म्हणाली, आणि विमलबाईकडं तेलाची चौकशी करायला गेली. कडूबाई अंगणात शेळ्यांना वैरण टाकत होती. बंकट बाजेवर होता, पण बसलेला.

"वैनी, खरं सांग. मला न्यायलाच निघाल्तीस व्हय?"

"तुला कोन नेतंय?" कडूबाई पाठमोरी म्हणाली. "माझा अंदाज घ्यायचा व्हता. मी थोरली. आधी मी जानार, मंग तू. मी ह्या घरात आले तवा तुला चालता येत नव्हतं. ओढ्याला जाताना कडेवर तू अन् डोक्यावर घागर. माझीच कड दुखायची. तवाच ठरिवलं व्हतं, मोठा झाला की ह्याच्या खांद्यावर जायचं. अन् तू मधीच निघालास! रांग हाय का न्हाई काही?"

शेळ्या कुरकुर चावत होत्या.

"मंग कधी निघायचं म्हनतीस?" बंकटनं हळूच विचारलं.

"मला कुटं घाई हाय? शेळी गाभन हाय, विमलच्या नातीचं लगीन ठरायलंय. तू आपला थांब. तवर टोळीबिळी काय असंल ती गावातल्या गावात सांभाळ. आसारामला बोट लावून लाईट बगायची खोड हाय, ती मोड आधी."

"थांबतो," बंकट म्हणाला. त्यानं कडूबाईकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, ट्रक भरण्याआधी मोळीकडं पाहायचा तसं. "पन वैनी, एक सांगू का? लोनी जरा कमी खात जा. वजा माझ्या खांद्यावर येनार हाय."

कडूबाईच्या हातात वैरणीची पेंढी होती. तिनं ती फेकून मारली. नेम चुकला नाही.